ज्यू प्रीस्कूलमध्ये शिकवतेय, सणांना मुलांच्या हाताला काय काम देऊ?

चिंगी_जर्सीकर:

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एका ज्यू प्रीस्कूलमध्ये साहाय्यक बाई म्हणून लागले आहे. वर्ग तीन ते चार वर्षांच्या पोरांचा. मुख्य बाईंनी सणांच्या टेबलांचं काम माझ्यावर सोपवलंय, म्हणजे रोज सकाळी मुलं आली की ज्या टेबलावर हात घालून काहीतरी करतात, ते.

इथला शाळा सुरू होण्याचा मोसम म्हणजे नुसती पळापळ. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला रोश हशाना (नवं वर्ष), दहाव्या तिथीला योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा, उपासाचा दिवस) आणि पौर्णिमेला सुक्कोत (खोपटांचा सण). मुलं अजून आईचा पदर सोडून रडायची थांबलेली नसतात, तोवर तीन सण होऊन जातात. शिवाय सणाच्या दिवशी शाळा बंद, त्यामुळे जे काय करायचं ते आधीच.

आधीच्या बाईंची फाइल मिळालीय. तिच्यात काय, तर कागदाचं सफरचंद, कागदाची मधमाशी, कागदी थाळीचा शोफार (शिंगाचं वाद्य). कातरकाम बाईंनी आदल्या दिवशी करून ठेवायचं, मुलांनी फक्त गोंद लावून चिकटवायचं. भिंतीवर सगळी सफरचंदं एका छापाची. पालक फोटो काढतात, खूश होतात. मला ते बघवत नाही. मुलाने केलं काय त्यात?

अटी सांगते. स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे ज्यू खाण्याचे नियम पाळणारं आहे, घरून खायचं काही आणायचं नाही, दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी. सुकामेवा-शेंगदाणे बंद. वर्गात ज्योत पेटवायची नाही. मी स्वतः सदाशिव पेठेतली, सणांची माहिती पुस्तकी. ज्यांनी हे सण घरात केलेत किंवा लहान मुलांना शिकवलंय, त्यांनी प्लीज सुचवा.

---

निळा_सदरा:

माझी लेक शिकागोत अशाच शाळेत जायची (आम्ही ज्यू नाही, घराजवळ होती आणि चांगली होती म्हणून घातली). एवढंच सांगतो, की भिंतीवरचं एकही चित्र तिला आठवत नाही, पण शुक्रवारचा हाल्ला (शब्बाथचा वेणीचा पाव) आठवतो. दर शुक्रवारी सकाळी पिठाचा गोळा हातात, तीन वळ्या करून वेणी घालायची, वरून अंडं फासायचं. तिची वेणी कधीच वेणीसारखी दिसली नाही. घरी आणेपर्यंत अर्धी खाल्लेली असायची.

हनुक्काला (आठ दिवसांचा दिव्यांचा सण) त्यांनी लाकडी पट्टीवर हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट चिकटवून मेणबत्त्या उभ्या करायचं घर केलं होतं. नऊ नट, त्यातला शमाशचा (जिने बाकीच्या पेटवतात त्या मेणबत्तीचा) एक उंचावर. वाढदिवसाची मेणबत्ती बरोब्बर बसते. दरवर्षी माळ्यावरून काढतो.

---

अश्दोदची_आजी:

चिंगे, तुझं लिहिणं वाचून बरं वाटलं गो. मी मूळची पनवेलची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. 1971 साली इकडे इस्रायलला आले आणि पुढे बरीच वर्षं सरकारी गानमध्ये मदतनीस होते. गान म्हणजे तुमची बालवाडी. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

पहिली गोष्ट, आमचे सण मुळात हाताचेच आहेत. खोपटं बांधा, पीठ मळा, घर झाडा, वात लावा. त्यांच्यावर वेगळी हस्तकला चढवायची गरजच नाही. मोठी माणसं जे खरोखर करतात त्यातला मुलाच्या हाताला झेपेल तेवढा तुकडा त्याला दे.

सुक्कोतचंच घे. खोपटाच्या छपराला नियम आहेत, आणि ते मुलांना फार आवडतात. जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलंच वापरायचं. बांबू, झावळ्या, तुमच्याकडे मक्याची ताटं मिळतील. पत्रा नको, ताडपत्री नको. सावली उन्हापेक्षा जास्त पडली पाहिजे, पण रात्री आत बसून वर पाहिलं तर तारे दिसले पाहिजेत. आता हे सांगून काय कळणार तीन वर्षांच्या पोराला? म्हणून करून बघायला दे. मोठ्या ठोकळ्यांची किंवा खोक्यांची चौकट उभी कर अंगणात. एकेक ताट मुलांना वर ठेवू दे. मग त्यांना खाली चटईवर उताणं झोपव. आभाळ दिसतंय का? फारच दिसतंय? मग आणखी दोन ताटं टाका. अजिबात दिसत नाही? काढा. यावर अर्धा तास भांडतात, बघ तू. मग झारीने वरून पाणी सोड. आत बसलेल्यांच्या डोक्यावर पडलं की जो आरडाओरडा होतो, तो झाला की शिकवायचं काही उरत नाही.

सुक्कोतला एथ्रोग नावाचं फळ लागतं. एथ्रोग म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. महाग असतो आणि त्याच्या टोकावरची दांडी तुटली तर सणाला चालत नाही, म्हणून सणाआधी कोणी मुलांच्या हातात देणार नाही. सण उरकला की एखाद्या पालकाकडून मागून घे. नखाने साल खरवडायला दे, शेजारी लिंबू ठेव, डोळे मिटून कुठलं कुठलं ते ओळखायचं. चिरून बघा, आत रस थोडा आणि पांढरी साल केवढी जाड!

हनुक्काला कागदी ज्योती नकोत. तेल दे. आम्ही पडलो शनिवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, कोकणात घाण्यावर पिढ्या गेल्या आमच्या, त्यामुळे हा सण मला जरा जास्तच जवळचा. माझी आई शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) पेल्यात पाणी भरून वर खोबरेल ओतायची आणि त्यात वात सोडायची. पेटवणं तुला जमणार नाही, पण पेल्यातलं पाणी आणि तेल तर मुलांना ओतता येईल? आधी तेल आणि मग पाणी ओतलं तरी तेल वरच येतं, हे त्यांना दहादा करून बघायचं असतं. पाण्यात निळा रंग घाल, म्हणजे नीट दिसतं. आणि तू सदाशिव पेठेतली ना? मग कापूस घे आणि वाती वळायला शिकव. तुझ्या आजीने मांडीवर वळल्या असतील तशाच. लांब वात जमली नाही तर फुलवात. तुझ्या मुख्य बाईंना येत नसेल ते.

इथे हनुक्काच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऑलिव्हची तोडणी असते. आम्ही पोरांना घेऊन झाडाखाली जायचो, दगडाने फळं ठेचायचो. दिवसभर ठेचून बशीत थोडंसं हिरवट पाणी आणि वर तेलाचे डोळे. तुला ताजी फळं मिळणार नाहीत, बरणीतली मिठाची निरुपयोगी, तो नाद सोड.

आणि भोवऱ्याचं सांगते. ड्रेडल म्हणजे बाजूंवर हिब्रू अक्षरं असलेला हनुक्काचा भोवरा. त्याचा जुगार, म्हणजे नून अक्षर पडलं तर काही नाही, गिमेल पडलं तर सगळं आपलं, हा सहा वर्षांच्यांचा खेळ. तुझ्या पोरांना नुसता भोवरा फिरवू दे. दोन बोटांत धरून फिरवणं हेच त्या वयाला पुष्कळ आहे.

---

बोर्डीवाली:

आजींचं सगळं पटलं. मी पालघरकडे बालवाडीत आयुष्य काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला जे काम उभं केलं त्याच मुशीतली, त्यामुळे विकतच्या साधनांवर माझा विश्वास कमी. बिया, शिंपले, पानं, माती. मुलांना त्याहून जास्त काही लागत नाही.

फक्त एक वेगळं म्हणणं आहे. चिंगी, तू प्रत्येक सणाला पाच-सहा टेबलं मांडणार असशील तर नको मांडूस. सणामागून सण येतायत म्हणून रोज नवं नवं काढलं की मुलाचा हात बसत नाही. एकच काम निवड आणि ते महिनाभर टेबलावर राहू दे. आजींचं तेल-पाणी हनुक्का संपल्यावर लगेच उचलू नकोस. मूल पहिल्या दिवशी सांडतं, चौथ्या दिवशी काठापर्यंत भरून थांबतं. ते थांबणं बघायला तू तिथे असली पाहिजेस, गोंदाच्या बाटल्या उघडत बसलेली नाही.

आणि टेबलाखाली ओला फडका ठेव. पुसणं हाही मुलांचाच भाग, आपला नाही.

---

चिंगी_जर्सीकर:

आजी, साष्टांग नमस्कार! वातींची कल्पना मुख्य बाईंना सांगितली तर त्या उडाल्याच. कापूस मागवलाय. बोर्डीवाली ताई, तुमचं ऐकून तिश्रीतल्या तिन्ही सणांना मिळून एकच मोठं काम ठरवलं, ते खोपटाचं. रोश हशानाला फक्त सफरचंद कापणं (लाकडी बोथट सुऱ्या आहेत) आणि मधात बुडवून खाणं. भिंतीवर काही नाही. दोन पालक विचारतील "या वर्षी सफरचंद नाही का लावलं", पण ते मी बघून घेईन.

हनुक्काला मेणबत्त्या उजवीकडून लावत जायच्या, पण पेटवताना डावीकडची, म्हणजे त्या दिवशीची नवी, आधी. हे आइस्क्रीमच्या काड्यांवर करून बघणार आहे. शमाश धरून आठ दिवसांच्या एकूण 44 काड्या, रोज एकेक वाढत जाणार. निळा_सदरा, नटांची पट्टी पण घेतली हं.

एक अडचण. वर्षभर आमच्या टेबलावर मैद्याची खेळायची कणीक असते, ती पोरांची सगळ्यात लाडकी. पेसाहला (वसंतातला सण, तेव्हा फुगलेल्या पिठाचं काही घरात ठेवत नाहीत) ती काढून टाकावी लागते म्हणे. मग आठवडाभर हाताला काय देऊ?

---

अश्दोदची_आजी:

हो, मैदा आणि पाणी म्हणजे हामेत्सच (पेसाहला वर्ज्य असलेलं फुगणारं पीठ), खायचं नसलं तरी. बाहेर काढायचं. त्याऐवजी बटाट्याचा स्टार्च आणि मीठ शिजवून गोळा कर. मक्याचं पीठ वापरू नकोस. आम्ही बेने इस्रायल पेसाहला भात खातो, पण अश्केनाझी, म्हणजे मूळची युरोपातली ज्यू घरं तेव्हा तांदूळ-मका वर्ज्य मानतात आणि तुझ्याकडे तीच जास्त असणार. आधी विचार, मग कर. पास्त्याच्या माळा, गव्हाचे दाणे भरलेले खुळखुळे, तेही उचल.

पण खरं सांगू, कणीक नसल्याचं दुःख करू नकोस. पेसाहच्या आधीचा आठवडा हाताला सगळ्यात जास्त काम देतो. घरात पावाचे दहा तुकडे लपवतात आणि रात्री मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन शोधतात. तू मेणबत्तीऐवजी टॉर्च दे, पडदे ओढ. कणीक उचलायच्या आधी टेबल पुसायला, खुर्च्यांखालचे चुरे काढायला, खेळण्यांच्या फटी ब्रशने घासायला मुलांनाच लाव. बोर्डीवालीचा फडका इथे कामी येईल.

आणि मात्झा (पेसाहची न फुगवलेली पोळी) करा. मात्र ते स्वयंपाकघर पेसाहसाठी स्वच्छ व्हायच्या आधी, आणि पालकांना सांग की हा सणाला खायचा नाही, नुसता करून बघायचा. पिठात पाणी पडल्यापासून भाजून निघेपर्यंत 18 मिनिटं, त्यात सगळं आटपायचं. घड्याळ मोठं लाव. छोटी लाटणी असतील तर उत्तम. पातळ लाटायचं आणि काट्याने भोकं पाडायची. आपल्याला पोळी फुगलेली हवी असते, इथे फुगली की बाद. त्यामुळे टोचायचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि पोरांना तेच करायचं असतं. प्रत्येकाला वेगळा काटा दे, नाहीतर 18 मिनिटं काट्यावरून मारामारीत जातील.