‘रूम विकून गेले’ म्हणणाऱ्यांना

गिरणगावकर

परवा लालबागच्या एका पाडायला काढलेल्या चाळीच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "मराठी माणसाला मुंबईतून कुणी हाकललं नाही. त्याने रूम विकली, नोटा मोजून घेतल्या आणि आता टॉवरकडे मान वर करून रडतो." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण मावेना, म्हणून हा धागा.

आमची रूम १९९४ साली विकली. नोटा मोजल्या हे कबूल, मी शेजारीच बसलो होतो. पण मोजायची पाळी कशी आली तेही ऐका. वडील कापड गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला; तो मागे घेतल्याचं आमच्या घरात तरी अजून कुणी कळवलेलं नाही. पहिल्या वर्षी आईचे दागिने गेले. दुसऱ्या वर्षी वडील भायखळ्याला भाजीच्या गोणी उतरवायला जाऊ लागले. मग ताईचं लग्न, मग त्या लग्नाचं कर्ज. रूम विकली तेव्हा भाड्याची पावती दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचे म्हणून तिसरा हिस्सा घरमालकाने घेतला. उरलेल्यात सावकार, काका आणि आम्ही. आमच्या वाट्याला डोंबिवलीत एक खोली आणि स्वयंपाकघर आलं. ह्याला ‘स्वतः विकली’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं? ५८ गिरण्या, सहाशे एकरांच्या आसपास जमीन. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते : एक पालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला, घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. म्हणजे शेड जिच्यावर उभी ती जमीन वाटणीतून बाहेर. अहो, गिरणी म्हणजे सगळी शेडच की! उच्च न्यायालयाने २००५ साली मालकांच्या विरोधात निकाल दिला, २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखावर अर्ज आहेत आणि त्यांना आता बदलापूरच्याही पुढची शेलू-वांगणी दाखवतात. ज्यांनी रूम विकली नाही, ज्यांच्याकडे विकायला रूमच नव्हती, त्यांनी काय केलं होतं?

माझा भाचा आणि त्याची बायको दोघं कमावतात. त्यांना डोंबिवलीसुद्धा परवडेना, अंबरनाथला गेले. आजोबा एका पगारात लालबागला राहिले, नातू दोन पगारांत अंबरनाथला. आता सांगा, ह्याने कुठली रूम विकली?

विरार_फास्ट

ते लिहिणारा मीच. एक शब्दही मागे घेत नाही.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण सगळ्यांचीच गोष्ट संपाची नसते. माझ्या चुलत्याने परळची रूम २००३ ला विकली. ना संप, ना कर्ज. कोकणात बंगला बांधायचा होता. बांधला. गणपतीत पाच दिवस उघडतो, बाकी वर्षभर तिथे माकडं राहतात. त्याच मजल्यावरचे शेजारी थांबले, त्यांना पुनर्विकासात फुकट फ्लॅट मिळाला. आता काका दर दिवाळीला बिल्डरला शिव्या घालतात. ऐकून कान किटले म्हणून तसं लिहिलं.

परळची_पोर

मला एक कळत नाही, चाळीवर गळा काढणारे सगळे पुरुषच कसे असतात?

आमच्याकडे मजल्याला चार संडास आणि वीस बिऱ्हाडं. आई पहाटे चारला उठायची, पाण्यासाठी आणि संडासासाठी, कारण उजाडल्यावर रांगेत उभं राहायची तिला लाज वाटायची. मोरी खोलीतच, पडदा लावून आंघोळ. मी दहावीत असताना पडद्याच्या आत कपडे घालून बाहेर यायचे आणि समोर बाबांचे मित्र चहा पीत बसलेले. हा तुमचा ‘जिव्हाळा’. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून ५०० त गेली ती माणसं. त्यातल्या एखाद्या बाईला विचारा, टॉवर शाप आहे का.

गिरणगावकर

मी चाळीचं कौतुक एका अक्षराने केलेलं नाही, ताई. धागा पुन्हा वाचा. संडास घरात असावा याला माझा विरोध नाही. संडास घरात हवा तर घर बदलापूरला घ्या, ह्या अटीला आहे. बीडीडी सरकारी जमिनीवर आहे म्हणून झालं. खासगी चाळींत किती जण अजून संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत आहेत?

घरमालकाचा_नातू

"तिसरा हिस्सा घरमालकाने घेतला." हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

गिरगावात आमची इमारत आहे, पणजोबांनी बांधलेली. बावीस भाडेकरू. एका खोलीचं भाडं आज महिना १४० रुपये. १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० ला जेवढं होतं तेवढ्यावर गोठवलं. पन्नास वर्षं गोठलेलं! १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे आता अवाजवी झालंय. मग १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. १४० चे ४ टक्के म्हणजे ५ रुपये ६० पैसे. त्यात प्लंबर फोनसुद्धा उचलत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा विलेपार्ल्यात स्वतःचा फ्लॅट आहे, आमची खोली सामान ठेवायला वापरतात. आम्ही स्वतः कुठे राहतो माहितीय? कांदिवलीला. भाड्याने.

आणि गिरणगावकर, तुमच्या भाच्याला घर का मिळत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे. पूर्वी मालक भाड्यासाठी चाळी बांधायचे. भाडं गोठल्यावर कोण वेडा बांधेल? तेव्हापासून मध्यमवर्गाला एकच रस्ता उरला, वीस वर्षांचं कर्ज काढून मालकीचं घर.

विरार_फास्ट

खोली देताना एकरकमी पागडी घेतली होती ना आजोबांनी? रोख? पावतीशिवाय? तेव्हाच्या बाजारभावाने मालकीच्या घराएवढी पागडी आणि आता म्हणे भाडेकरू फुकट राहतात.

घरमालकाचा_नातू

आजोबांवर जायचं कारण नाही.

विरार_फास्ट

तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यावर गेलो तरी चालेल का? तुमच्या असल्या इमारतींचे जिने टेकूवर असतात.

परळची_पोर

आमच्या मालकाने तर टेकूसुद्धा आम्हालाच लावायला सांगितले. उपकर आम्ही भरायचा, दुरुस्तीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे खेटे आम्ही मारायचे, आणि खोली विकायची वेळ आली की मालक कडक इस्त्रीत हजर.

घरमालकाचा_नातू

१४० रुपयांत जिना बांधून दाखवा, इमारत तुमच्या नावावर करतो. स्टॅम्प ड्युटीही मीच भरतो.

परळची_पोर

लेखी द्या.

घरमालकाचा_नातू

बाई, तुम्हाला विनोद कळत नाही आणि हिशेबही.

परळची_पोर

‘बाई’ कुणाला? तुमच्यासारख्यांना भाडं वाढवून नकोय, भाडेकरू मरून हवेत. आमच्या शेजारच्या आजींना त्यांचा मालक दर महिन्याला भेटायला यायचा. तब्येत विचारायला. त्या ओळखून होत्या, मुद्दाम दोन जिने चढून दाखवायच्या.

साधा_प्रश्न

धागा भाडेकरू-मालक कज्जात गेला. इथे सगळ्यांचंच हे होतं.

मूळ प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. घरं कमी, माणसं जास्त, म्हणून भाव चढे. शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवायची यावर मर्यादा घालणारा कमाल जमीन धारणा कायदा १९७६ चा, तो महाराष्ट्राने २००७ पर्यंत ठेवला. एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करू द्यायचं ते प्रमाण, वर्षानुवर्षं आवळून धरला. बांधू द्या, भाव उतरतील. बाकी हळहळ आहे.

अंकगणित

बांधू दिलं की! २००१ ते २०११ या काळात लोअर परळ-वरळीत एकेक टॉवर उभा राहत होता. त्या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. मजले वाढले, माणसं घटली. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत मुंबईतली रिकामी घरं ४.८ लाखांच्या घरात दाखवली होती, देशात सर्वांत जास्त. ही कुठली टंचाई?

साधा_प्रश्न

१६० फुटांत आठ जण राहायचे, आता ५०० फुटांत चार राहतात. मग लोकसंख्या घटणारच. परळच्या ताईंना विचारा, त्यांना ते आठ परत हवेत का. रिकाम्या घरांचा आकडा मात्र मान्य. करावा लागतोय.

अंकगणित

आभारी आहे. आज दिवाळी.

अवांतर : सिंगापूरला जवळपास ८० टक्के लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात, व्हिएन्नात निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत. तिथे मध्यमवर्गाला शहर सोडावं लागत नाही. सरकारने बांधायचंच ठरवलं तर होतं.

मुक्काम_बदलापूर

सिंगापूर राहू द्या हो, म्हाडाबद्दल बोला. २०२३ च्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचं घर होतं. म्हाडाचं! मी सहा वेळा अर्ज केला, सहाही वेळा अनामत परत. सातव्या वेळी गटच बदलला. मध्यम उत्पन्न गट १२ लाखांपर्यंत, आणि नवरा-बायकोचं मिळून आमचं त्याच्या वीस हजार वर गेलं. म्हणजे बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारे आम्ही सरकारदरबारी उच्च उत्पन्न गटात. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग आज रिक्षाने जाऊया.

संध्याकाळी घरी पोचायला साडेनऊ होतात. मुलगी मला रविवारी भेटते. तुम्ही १९४० चं भाडं धरून बसलाय.

परळची_पोर

हे लिहायचं नव्हतं, पण बदलापूरकरांचं वाचून लिहिते. आम्हाला पुनर्विकासात फ्लॅट मिळाला. आमची इमारत मागे, आमचं गेट मागच्या गल्लीत. पुढची चकचकीत ती विक्रीची. देखभाल खर्च महिना सात हजार. दोन लिफ्ट, त्यातली एक कायम बंद. बाबांची पेन्शन त्या एका बिलात जाते. आमच्या मजल्यावरचे तिघे दोन वर्षांत विकून गेले, एक तर बदलापूरलाच. चाळीत २०० रुपये न परवडणारा माणूस टॉवरमध्ये सात हजार कुठून आणेल, हे कागदपत्रं करताना कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. संडास घरात आला ह्याच आनंदात होतो.

तरी चाळीत परत जाणार नाही. हे गिरणगावकरांसाठी.

गिरणगावकर

तेच तर मी म्हणतोय. ‘विकून गेले’ ही शेवटची ओळ असते, लोक तेवढीच वाचतात.

विरार_फास्ट

ठीक आहे, सात हजारांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. काकांना लागू होत नाही, तरी ज्यांना होतो त्यांच्यापुरतं माघारी घेतो. आता मला एक सांगा. इथे रडणाऱ्यांपैकी किती जणांचं दुसरं घर आहे? करात सूट मिळते म्हणून घेतलेलं, कुलूप लावून ठेवलेलं? अंकगणितभाऊंच्या त्या ४.८ लाखांतली सगळीच काही अंबानींची नसतील. गिरणगावकर, तुमच्यापासून सुरुवात करू?

गिरणगावकर

हा वैयक्तिक हल्ला आहे.

अंकगणित

प्रश्न रास्त आहे.

घरमालकाचा_नातू

मलाही उत्तर ऐकायला आवडेल. कडक इस्त्री करून बसलोय.

गिरणगावकर

पनवेलला एक आहे. वन बीएचके. २०११ मध्ये घेतला, मुलीच्या नावाने, तिच्या पुढच्या सोयीसाठी. विमानतळ होणार म्हणून नाही. म्हणजे, तेही डोक्यात होतं. ती आता बाहेरदेशी आहे. रिकामा आहे, कारण भाडेकरू ठेवला आणि उठलाच नाही तर?

घरमालकाचा_नातू

🙏 या, काका. इकडे या. बसा माझ्या शेजारी.

परळची_पोर

😂😂

गिरणगावकर

हसा. माझ्या आयुष्याची कमाई आहे ती. गिरण्यांच्या सहाशे एकरांची आणि माझ्या एका फ्लॅटची तुलना करणार असाल तर धागा इथेच बंद.

मुक्काम_बदलापूर

बंद करायच्या आधी एक. माझ्या धाकट्या भावाला नवी मुंबईत नोकरी लागलीय, रोज बदलापूरहून येऊन-जाऊन मेटाकुटीला आलाय. तुमचा पनवेलचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर द्याल का? पोलीस पडताळणी, नोंदणी सगळं रीतसर करू. घरात सगळे माळकरी.

गिरणगावकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

लग्न झालंय ना त्याचं? आमच्या सोसायटीत एकट्या मुलांना देत नाहीत. नियम माझा नाही.