वडावरची वटवाघळं हाकलावी का?

प्रश्न: आमच्या गावच्या वडावर शेकडो वटवाघळं लटकतात, निपाची (वटवाघळांकडून माणसात येऊ शकणारा जीवघेणा विषाणू) बातमी आली की लोक फटाके घेऊन निघतात. अभ्यास करणारे काय म्हणतात?

उत्तर: हाकलू नका प्लीज! घाबरवल्यावर ती दुसरीकडे जाऊन बसतात एवढंच. विषाणू आहे का ते बघायला रिसर्चवाले रात्री झाडाखाली प्लॅस्टिक अंथरतात, पहाटे त्यावरचे मूत्राचे थेंब गोळा करतात, काही पकडून घशातला स्वॅब घेऊन सोडतात. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत नमुने घेतले, त्यात निपाच्या अँटिबॉडीज (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) मिळाल्या.

उत्तर: बांगलादेशात वटवाघळं खजुराच्या झाडातून मडक्यात झिरपणारा रस चाटतात, तोच कच्चा रस प्यायला की निपा होऊ शकतो. म्हणून रस झिरपतो ती जागा आणि मडकं झाकेल असं बांबूचं झाकण बांधायला सांगतात. आपणही वटवाघळांनी उष्टी केलेली फळं खाऊ नयेत, बास.

प्रश्नकर्ता: ग्रामसभेत हेच सांगतो, आभार!