मदत हवी आहे: कॉन्व्हेंटमध्ये कीबोर्ड की चित्रकला?

मंडळी, मुलगी बेळगावात कॅम्पातल्या कॅथलिक शाळेत तिसरीला आहे. यंदा आठवड्यातून दोन तास आवडीच्या विषयाचे. चित्रकला, कराटे किंवा कीबोर्ड, यातलं एकच निवडायचं. फॉर्म सोमवारी द्यायचा आहे.

तिला कीबोर्ड हवाय. पण घरी, वडगावला, आजोबा तिला पेटी शिकवतात. तिथं सा कधी पहिल्या काळ्या पट्टीवर, कधी चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, गळ्याप्रमाणे सरकतो. शाळेत मात्र कागदावरची नोटेशन, आणि सी हा सूर म्हणजे सीच, जागचा हलत नाही. आजोबांचं म्हणणं, पोरीचा गोंधळ उडेल. (कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, हे त्यांचं ठरलेलं वाक्य!) मला वाटतं, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वर सक्तीची कन्नड हे पोरं पेलतात, मग सूर का नाही?

नाताळला कॉयरमध्ये गावं लागेल म्हणून जाऊबाई कुरकुरतात, त्याचं मला काही नाही.

दोन्ही एकदम शिकलेली मुलं कुणाच्या घरी आहेत का? गोंधळ झाला का? आणि टिळकवाडी-शहापूरकडे जुना कीबोर्ड कुठं मिळेल? एकसष्ट पट्ट्यांचा पुरे.