फाळक्यांनी पाहिलेला येशू

वर कुणीतरी लिहिलंय की ख्रिस्ती श्रद्धेवरचे सिनेमे हिंदू घरात वाढलेल्या मराठी माणसाला आतून भिडणं शक्य नाही. मला हे मुळीच पटत नाही. आपला सिनेमाच तिथून सुरू झाला! दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्यांनीच पुढे लिहिलंय की ख्रिस्त पडद्यावर दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहत होते. त्यातून १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आला. आणि हे फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, याचा आम्हा बडोदेकरांना फार अभिमान.

माझ्यापुरतं सांगायचं तर 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१). १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, आणि रविवार देवाचा, म्हणून श्रद्धाळू ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल धावायला नकार देतो आणि नंतर ४०० मीटरचं सुवर्ण जिंकतो. हा सिनेमा मी दांडिया बाजारातल्या घरी आजीसोबत पाहिला. जन्मभर निर्जळी एकादशी करणारी ती. मी समजावून सांगायला लागले, तर म्हणाली, "कळलं गं. त्याचा नेम आहे तो."

फेरी रविवारी आहे हे सिनेमात लिडेलला बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात कित्येक महिने आधीच माहीत होतं. म्हणजे तो तितके दिवस दडपण सोसत होता, आणि मला तेच जास्त मोठं वाटतं. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला, १९४५मध्ये जपान्यांच्या छावणीत वारला. सिनेमा त्यावर शेवटी जेमतेम एक ओळ देतो. खरा सिनेमा तिथे होता.