मदत हवी आहे : कॅडो माउंड्सची भेट

नमस्कार. पूर्व टेक्सासमधील आल्टो गावाजवळच्या कॅडो माउंड्स या ऐतिहासिक स्थळी आमच्या मराठी मंडळातील मुलांना नेण्याचा विचार असून त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. १८३५ च्या करारानंतर लुइझियानातील आणि १८५९ मध्ये टेक्सासमधील भूमी सोडावी लागलेल्या कॅडो या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांचे शासन आज ओक्लाहोमातील बिंगर येथून चालत असले, तरी पूर्वजांनी रचलेल्या या मातीच्या टेकाडांशी त्यांनी आपले नाते पुन्हा जोडले आहे. एप्रिल २०१९ मध्ये कॅडो संस्कृती दिन सुरू असतानाच टोर्नेडोने तेथील संग्रहालय आणि गवताने शाकारलेले पारंपरिक घर उद्ध्वस्त केले. तसे घर आता पुन्हा उभे आहे. (त्यामुळे ‘लुप्त संस्कृती’ हा शब्दप्रयोग मुलांच्या कानी पडू नये, असे मला वाटते.)

तेथील तीन टेकाडांपैकी एक दफनाचे असल्याने मुलांना कोठपर्यंत जाऊ देणे उचित ठरेल? सूर्यास्तापूर्वी पूर्ण करावयाचे कॅडो स्त्रियांचे टर्की नृत्य (टर्की या पक्ष्याच्या नावाचे पारंपरिक नृत्य) पाहण्याचा योग आला, तर छायाचित्रांची परवानगी कोणाकडे मागावी? तसेच नक्षी कोरलेली कॅडो मातीची भांडी घडविणाऱ्या एखाद्या कारागिरास मुलांशी बोलण्याची विनंती करावयाची झाल्यास ती बिंगरच्या कार्यालयामार्फत करावी की स्थळ सांभाळणाऱ्या टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनमार्फत, आणि मानधनाची रीत काय आहे, हेही कृपया कळवावे.