केईएमचे सेनसाहेब

मालवणकर: आमचे आजोबा मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. म्हणायचे, भारतातलं पहिलं हृदयरोपण आमच्या सेनसाहेबांनी केलं. खरं की नुसती गजाल?

दापोलीची सून: खरंच हो! डॉ. प्रफुल्लकुमार सेन, फेब्रुवारी १९६८. केपटाउनला डॉ. बर्नार्डनी जगातलं पहिलं केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. पेशंट मात्र काही तासांतच गेला. पण मला त्यांची दुसरी कल्पना जास्त भन्नाट वाटते. सापाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त थेट आतल्या पोकळीतूनही मिळतं. तेव्हा माणसाच्या हृदयाला सुईने भोकं पाडली तर? त्यांनी ते करूनही पाहिलं! पुढे हेच काम लोक लेझरने करू लागले.

मालवणकर: सापाचं आजोबा कधी बोलले नाहीत. आजीला विचारतो.

देवगडवाला: भारतातलं पहिलं यशस्वी रोपण १९९४ला, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल. अवयवदानाचा कायदाही त्याच वर्षीचा.