एरिक्सन यांचे आठ टप्पे : आपल्या घरात, वर्गात, कामावर काय दिसले?

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांना आपले जन्मदाते वडील कोण हे अखेरपर्यंत कळले नाही आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी आपले आडनाव स्वतःच ठरवले. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्यांच्या विचाराच्या मध्यभागी आला, यात म्हणूनच नवल वाटत नाही. १९५० साली त्यांनी मांडलेले माणसाच्या मानसिक-सामाजिक विकासाचे आठ टप्पे तान्हेपणीच्या विश्वास-अविश्वासापासून वार्धक्यातील कृतार्थता आणि वैफल्यापर्यंत जातात. हे टप्पे म्हणजे इयत्ता नव्हेत. बाळाला थोडा अविश्वासही लागतो, आणि एका वयात अपुरे राहिलेले पुढच्या वयात पुन्हा समोर उभे राहते. त्या दृष्टीने प्रत्येकाने स्वतः पाहिलेले लिहावे.

पाळणाघर चालवणारी, ठाणे

बाळ खेळात रमले की आईने गुपचूप सटकायचे, ही पद्धत सर्रास आहे. रडणे टळते खरे, पण ते बाळ नंतर खेळतानाही सारखे दाराकडे पाहत राहते. ज्याची आई सांगून, टाटा करून जाते ते आधी भोकाड पसरते आणि हळूहळू त्याच आईला स्वतः हात हलवून निरोप देऊ लागते. गेलेली आई परत येते हे त्याला रोजच्या अनुभवातून कळलेले असते.

अडीच वर्षांच्या मुलीचा बाबा, नाशिक

सध्या घरात ‘माझं मी’चे राज्य आहे. वरण सांडते, उशीर होतो. ‘शी, काय केलंस हे!’ एवढे मात्र आम्ही तोंडातून काढत नाही, कारण स्वायत्ततेच्या या वयात लाज फार लवकर रुजते.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड

सहा ते बाराच्या टप्प्याला एरिक्सन उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड म्हणतात, आणि तो मी दर उन्हाळ्यात पाहतो. आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जातो, मूलही जाते आणि हंगाम संपल्यावर परतते, तोवर वर्ग भागाकारावर पोहोचलेला असतो. चौथीतला एक मुलगा प्रश्न पुरा होण्याआधीच ‘मला येत नाही’ म्हणून मोकळा व्हायचा. हाच मुलगा उसाच्या फडात वाढ्याची (उसाच्या शेंड्याच्या पाल्याची) पेंढी घट्ट बांधायचा, आणि किती टन तोडल्यावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेल याचा हिशेब घरातल्यांबरोबर बसून करायचा. मी भागाकार उचल आणि टनांवर घेतला. तो फळ्यापाशी आला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याने उत्तर काढले आणि शेजारच्याला समजावूनही सांगितले. त्याला गणित येत नव्हते असे नाही, त्याला येत असलेल्या गणिताला शाळेत जागा नव्हती. न्यूनगंड मुलाच्या स्वभावात शोधण्याआधी आपण वर्गाची रचना तपासली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

परिचारिका, सोलापूर

मी अविवाहित आहे, आणि चाळिशीनंतरचा टप्पा संगोपनाचा म्हटला की लोक मला त्यातून वगळतात. एरिक्सन यांना पुढच्या पिढीची काळजी अभिप्रेत होती, ती फक्त पोटच्या मुलांची नव्हे. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपातून त्यांनी गांधीजींचा अभ्यास केला, आणि त्या संपाच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे, म्हणजे याच टप्प्यात होते. नव्याने आलेल्या मुलींना मी तान्ह्या बाळाची शीर कशी शोधायची ते शिकवते, त्यांचा हात स्थिर होईपर्यंत शेजारी उभी राहते. माझे संगोपन ते हेच.

वृद्ध वडिलांचा मुलगा, पुणे

जोन एरिक्सन यांनी पतीच्या निधनानंतर, १९९७ साली, अतिवृद्धापकाळाचा नववा टप्पा मांडला. त्यात आधीचे सगळे प्रश्न परत येतात. वडिलांची सही आता बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. अंगठा लावायला ते तयार नाहीत, कारण त्यांच्या लेखी अंगठा निरक्षराचा. मी व्यवहार हातात घेतला तर त्यांची स्वायत्तता जाते, न घेतला तर पेन्शन अडकते. तूर्त नवी सही नोंदवून घेतली आहे, आणि पासबुक त्यांच्याच कपाटात राहते. घरी अशी वेळ आलेल्यांनी औषधे आणि पैसे यांचे निर्णय कसे वाटून घेतले, ते कृपया सविस्तर लिहावे.